तोंडं फिरवा, नंबर येतोय

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात सकाळी अकराच्या सुमारास बत्तीस माणसांनी एकाच वेळी हातातली कामं थांबवली आणि भिंतीकडे तोंडं केली. कोणाचं निधन झालं नव्हतं. वीज गेली नव्हती. आमदारसाहेबही आले नव्हते. सातासमुद्रापलीकडचे एक गृहस्थ आपल्या कार्डावरचे सोळा आकडे फोनवर सांगणार होते, एवढंच.

हा हुकूम देणाऱ्या बाई खुर्चीत ताठ बसलेल्या असायच्या. कानात इयरफोन, मांडीवर कार्डाचं मशीन आणि डाव्या हाताचा पंजा वर, चौकातल्या हवालदारासारखा. आवाज चढवायच्या नाहीत. "तोंडं फिरवा. नंबर येतोय," इतकंच म्हणायच्या. पंजा खाली आला की कारखाना पुन्हा सुरू.

रोज रोह्याकडून गाडीने यायच्या, राहायला पुलापलीकडे अष्टमीला. म्हणून सगळे त्यांना अष्टमीवाल्या बाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, चष्म्याला दोरी, डब्यात आठवड्यातून तीनदा वालाचं बिरडं. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टला. याहून जास्त माहिती त्या कोणाला देत नसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: दुसऱ्याचं गुपित सांभाळता सांभाळता स्वतःचंही कुलूपबंद झालेलं.

आता नंबर फोनवर आणि तोंडं भिंतीकडे, हा काय प्रकार, असं तुम्ही विचाराल. आमच्या तात्यांनीही विचारलं होतं. तात्या म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. मूर्तीचे डोळे काढायचे, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, ते काम त्यांचं. ब्रश टेकला की श्वाससुद्धा विचारून घेणारा माणूस. अशा माणसाला बाईंनी नेमकं एक डोळा झाल्यावर भिंतीकडे वळवलं. तो एका डोळ्याचा गणपती चार मिनिटं आम्हा सगळ्यांच्या पाठींकडे बघत राहिला.

"आम्ही काय चोर हाय काय?" तात्या भिंतीला म्हणाले.

"चोर नाय म्हणून तर सांगते," बाई म्हणाल्या. "चोराला सांगून तो फिरंल काय? आणि माझी बोटं बटणावर कुठं कुठं जातात ते बघून पण आकडे कळतात. तुमची नजर तर तात्या, डोळ्याची आखणी करणारी."

तात्यांना ही स्तुती की टोमणा, ते ठरवता येईना. ते फिरले ते फिरले.

धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नाटक समजेल. परदेशातले गणपती बोटीने जातात, म्हणून ते उन्हाळ्यातच निघतात. त्याच्या आधी जगभरची मराठी माणसं फोन करतात. मूर्ती केवढी, पीतांबर कुठल्या रंगाचा, सोंड कुणीकडे, सगळं फोनवर. बँकेने आमच्या मशीनवर गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलेला कार्डाचा नंबर हाताने टाकायची सोय दिली होती. सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि पाठीमागचे तीन आकडे. हे तिन्ही ज्याच्या हाती, तो घरबसल्या त्या माणसाच्या पैशाने बाजार करू शकतो.

बाई येण्यापूर्वी हे सगळं आम्ही रजिस्टरात लिहीत होतो. नाव, गाव, उंची, रंग आणि कार्ड नंबर. तो शेवटचा रकाना मी स्वतः लाल शाईने, पट्टी धरून आखला होता. ऑर्डरी आणि पॅकिंग माझ्याकडे, त्यामुळे रजिस्टर म्हणजे माझी कलाकृती. ते टेबलावर उघडं पडलेलं असे. चहावाला त्यावर किटली ठेवी.

बाई पहिल्या दिवशी आल्या, रजिस्टर चाळलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, कात्री हाय?"

मला वाटलं, दोरा कापायचा असेल. मी दिली. त्यांनी तीन हंगामांचा माझा लाल रकाना उभाच्या उभा कापायला घेतला. शेठ केबिनमधून धावत आले.

"अहो बाई, ते गिऱ्हाइकांचे नंबर हायत."

"व्हय ना. त्यांचे हायत. मग आपल्याकडं काय करतायत?"

वीस वर्षं धंदा करून हा प्रश्न शेठना कोणी विचारला नव्हता. आमच्याकडे कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही होतात. बाईंनी त्या पट्ट्या नेऊन लगद्याच्या पिंपात बुडवल्या आणि काठीने स्वतः ढवळल्या, एकही आकडा ओळखू येईनासा होईपर्यंत. त्या वर्षीच्या दीड फुटी बाळगणेशांच्या पोटात निम्म्या जगाचे कार्ड नंबर होते. लंबोदर म्हणून ते पचलेही असतील.

मग फोनची पाळी. ऑर्डरच्या फोनवर मी रेकॉर्डिंग लावलं होतं. कारण केशरी सांगून नंतर पिवळा सांगितला होता म्हणणारी गिऱ्हाइकं. बाई म्हणाल्या, "रंगाचं भांडण ठेवा, नंबर नको." रंग ठरले की त्या रेकॉर्डिंग बंद करत आणि मगच नंबर विचारत. मागचे नंबर असलेली सगळी रेकॉर्डिंगं त्यांनी मला शेजारी बसवून एकेक करून पुसायला लावली. त्यात मी एका काकूंशी गप्पा मारताना गायलेलं गाणंही गेलं. कारखान्याने त्याबद्दल बाईंचे आभार मानले.

म्हातारी गिऱ्हाइकं नंबर सांगून म्हणायची, "आता परत म्हणून दाखवा."

"नाय म्हणत," बाई सांगायच्या. "मशीननं घेतला म्हणजे बरोबर. नाय घेतला तर तुम्हीच परत सांगा. माझ्या तोंडातून तुमचा नंबर निघायचा नाय."

एका उत्साही गृहस्थांनी कार्डाचे पुढून-मागून दोन फोटोच पाठवून दिले. बाईंनी ते पुसले, मग त्यांना फोन लावला. "दादा, फोटो मी काढून टाकलाय, तुम्ही पण टाका. परत असं करू नका. नायतर उद्या कपाटाची चावी पण पाठवाल."

आता माझ्या एका पराक्रमाची कबुली. एकदा मागच्या खोलीत जाऊन, रुमाल तोंडावर धरून, मी बाईंना फोन केला. बँकेतून बोलतोय, मघाशी जे कार्ड घेतलंत त्याचा नंबर पडताळायचा आहे, ताबडतोब सांगा. आवाज इतका भारदस्त लावला होता की मलाच माझा धाक वाटला.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडं नंबर राहत नाय. पैसे झाले की मशीनला ठाऊक, मला नाय. आणि तुमच्या बँकेत आमचाच रंगाचा कंप्रेसर वाजतोय. आता उठलाच आहात तर येताना पेंढा घेऊन या."

मी पेंढा घेऊन आलो.

इथवर गंमत होती. पुढची गोष्ट माझ्या अंगावर आली म्हणून सांगितलीच पाहिजे.

परदेशातून एक आजी दरवर्षी फोन करायच्या. माहेर रोह्याचं, म्हणून आमच्याकडे बाई आल्यापासून त्यांच्या गप्पा तिथल्या कुंडलिका नदीच्या पाण्यापासून सुरू व्हायच्या. मूर्ती नेहमीची, नऊ इंची, शाडूची. दोन हंगामांपूर्वी त्यांचा फोन आला, तेव्हा बाई भाचीच्या साखरपुड्यासाठी नागोठण्याला गेल्या होत्या. मशीन ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, चावी शेठकडे आणि शेठ कामाला बाहेर. मी म्हटलं, आजी, उद्या करा. त्या म्हणाल्या, "अरे उद्या माझ्या लक्षात राहील का? लिहून घे ना तू."

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. मूर्ती कोणाची, कुठे जायची, पीतांबर कुठला, हे सगळं पेन्सिलीने मूर्तीच्या पाटाच्या मागच्या बाजूला लिहायचं. चिठ्ठी हरवते, पाट हरवत नाही. ती बाजू भिंतीकडे असते आणि रंग तिथे सगळ्यात शेवटी लागतो. आजींचा गणपती समोरच होता, पेन्सिल कानावर होती. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, अबोली रंग लिहिला आणि त्याच ओघात सोळा आकडे, तारीख आणि पाठीमागचे तीन.

बाई परत आल्या. आजींची ऑर्डर आली होती एवढं मी सांगितलं, लिहिल्याचं सांगितलं नाही. ओरडा कोण खाणार? बाईंनी आजींना स्वतः फोन लावला, आम्हाला भिंतीकडे वळवलं आणि काम पुरं केलं. नंबर मला आधीच सांगितल्याचं आजी खरंच विसरल्या होत्या. आणि मी ते पुसायला विसरलो. यापलीकडे माझ्याकडे काही खुलासा नाही.

मूर्ती तीन आठवडे रांगेत होती. त्या दिवसांत शाळांच्या सहली येतात, अलिबागला निघालेल्या गाड्या थांबतात. माणसं मूर्ती फिरवून बघतात, पुढून मागून फोटो काढतात. मीच त्यांना हौसेने सांगत असे, "बघा बघा, मागूनसुद्धा काम बघा."

एक दिवस आजींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, चकित झाल्या होत्या. "कोणीतरी माझ्या कार्डावर सहा जोड धावायचे बूट घेतलेत. मला तर काठी लागते."

"आजी, आधी हा फोन ठेवा," बाई म्हणाल्या. "बँकेला फोन करा, कार्ड बंद करा. मग मला शिव्या द्यायला परत फोन करा. मी इथंच हाय."

आजींनी अर्ध्या तासाने परत फोन केला. शिव्या दिल्या नाहीत. फोनवर नंबर आपण फक्त पेणला सांगितला होता, एवढंच त्या शेठना म्हणाल्या.

शेठ चिडले असते तर बरं झालं असतं. ते केबिनच्या दारात उभे राहून हळू आवाजात बोलले. "बाई, नंबर तुम्हीच घेता ना?"

"व्हय."

"दुसऱ्या कुणाला मशीनजवळ येऊ देत नाय."

"नाय."

"आम्हाला सगळ्यांना भिंतीकडे वळवता."

"व्हय."

"मग आता मी कोणाकडे बघू?"

बाईंचाच नियम बाईंकडे बोट दाखवत होता. बाईंनी ड्रॉवर उघडून मशीन बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं. शेठ म्हणाले, "चार दिवस घरी राहा. बघतो मी." आमच्याकडे ज्याला चार दिवस घरी राहायला सांगतात तो पाचव्या दिवशी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई डबा घेऊन नळाकडे गेल्या.

मी पॅकिंगच्या टेबलावर होतो. तेव्हा कुठे मला पाटामागचं ते पेन्सिलीचं लिहिणं आठवलं. रांगेकडे गेलो, आजींचा गणपती फिरवला. आकडे होते. एकेक आकडा सुटा, ठसठशीत. माझं अक्षर फार चांगलं आहे. शाळेत त्याबद्दल मला बक्षीस मिळालेलं आहे.

शेजारी ओलं फडकं होतं. खरं सांगतो, मी ते उचललं. एकदा फिरवलं असतं की मी आणि गणपती सोडून कोणालाही काही कळलं नसतं, आणि गणपती आमच्याकडे कोणाचं काही सांगत नाहीत. नळावर बाई डबा घासत होत्या. झाकण, मग वरचा कप्पा, मग खालचा, रोजच्यासारखा, जराही घाई नाही. तो आवाज ऐकत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग फडकं खाली ठेवलं, मूर्ती उचलली आणि केबिनमध्ये जाऊन शेठच्या पुढ्यात पाठमोरी ठेवली.

शेठनी सवयीने आधी हात जोडले. मग म्हणाले, "अरे, देवाची पाठ माझ्याकडं करून काय ठेवतोस?"

"वाचा," मी म्हटलं.

शेठ वाचू लागले. दारात गर्दी झाली. "कोणाचं अक्षर हे?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत तात्या म्हणाले, "एवढं देखणं अक्षर कारखान्यात दुसऱ्या कोणाचं हाय?"

"माझं आहे," मी म्हटलं. "बाईंना ठाऊक नव्हतं."

बाई ओल्या हातांनी आत आल्या. दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, एकदा बघितलं आणि पहिलं काम काय केलं असेल? तळहात आकड्यांवर ठेवला. "शेठ, तुम्ही पण वाचू नका. दाराशी कोण कोण हाय, तोंडं फिरवा."

सगळे फिरले. ज्या बाईंना दहा मिनिटांपूर्वी घरी पाठवलं होतं, त्यांच्या सांगण्यावरून शेठही फिरले.

बाईंनी पातळ शाडूचा हात त्या पाटावर मारला, दोनदा. बँकेने ते कार्ड बंद केलेलं होतं, आकडे केव्हाच मेले होते, तरी दोनदा. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय, भाऊ." तेवढंच. ओरडल्या असत्या तर मी आज ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली नसती.

शेठनी मशीन आणि चावी त्यांच्याकडे सरकवली. बाईंनी हात लावला नाही. "आधी आजींना फोन. चूक आपली, हे सांगायला पायजे."

"बाई, कोणी वाचलं, कोणी चोरलं, काय ठाऊक? कशाला आपण होऊन नाव घालवायचं?"

"लिवलं आपण, एवढं ठाऊक हाय ना?"

शेठनी स्वतः फोन लावला आणि स्वतः सांगितलं. पलीकडून आजी म्हणाल्या की बुटांचं बँक बघून घेतेय, मूर्ती मात्र तीच पाठवा, बदलू नका.

त्या दिवशी मी बाईंना स्कूटरवरून पेण स्टेशनला सोडलं. माफी मागायची होती. गाडी दिसायला लागल्यावर बाईच बोलल्या. "ह्याच्या आधी मी पर्यटकांना भाड्यानं देतात तसल्या एका बंगल्यावर बुकिंगचे फोन घ्यायची. तिथं पण रजिस्टर होतं. तिथं पण असंच झालं, आणि फोन मी घ्यायची म्हणून मलाच काढलं." पिशवी खांद्यावर घेतली. "तिथं कोणी काय उचलून आणून दाखवलं नाय."

गाडी आली, त्या बसून गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी शेठच्या मागे लागून बँकेकडून लिंकची सोय करून घेतली. गिऱ्हाइकाला लिंक पाठवायची, त्याने आपल्याच फोनवर आपला नंबर टाकायचा. आम्हाला तो दिसतही नाही, ऐकूही येत नाही. एका दुपारी बाईंनी आम्हाला सगळ्यांना ते शिकवलं. मी म्हटलं, "बाई, ह्यात तुमचंच काम गेलं."

"माझं काम असंच हाय, भाऊ. ते राहिलं नाय तर बरं."

हंगाम संपल्यावर त्या आल्या नाहीत. गुडघे दुखतात, गाडीचा प्रवास झेपत नाही, असा निरोप आला. अष्टमीला जावेच्या दुकानात बसतात, पोहे-पापड विकतात, असं ऐकतो. गिऱ्हाईक फोनमध्ये पिन टाकायला लागलं की तोंड रस्त्याकडे फिरवतात म्हणे. त्यांच्या टेबलावर आता आम्ही सोनेरी रंगाचे डबे ठेवतो.

यंदाची गोष्ट. सकाळची वेळ, माझे दोन्ही हात सोनेरी, फोन वाजला म्हणून कोपराने स्पीकर चालू केला. आजी होत्या. गप्पा झाल्या, मूर्ती नेहमीची. मी म्हटलं, लिंक पाठवतो.

"ती लिंकबिंक मला दिसत नाही रे आता. नात गेलीये कामाला. नवं कार्ड आहे, तू घे, मी सांगते. हं, चार..."

मागे कंप्रेसरचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. कोणी पंजा वर केला नव्हता, तरी एकेक जण ब्रश खाली ठेवून भिंतीकडे वळत होता. यंदाच लागलेली पोरं, ज्यांनी बाईंना पाहिलेलंही नाही, ती जुन्यांकडे बघून वळली. तात्या एक डोळा अर्धा टाकून वळले. बत्तीस पाठी, अर्धवट रंगवलेले गणपती आणि स्पीकरवर आजी.

"थांबा आजी, नंबर सांगू नका," असं मी म्हणतच होतो. पण हाताला माझ्या वीस वर्षांची सवय, त्याला कोण सांगणार? तो सोनेरी रंगासकट कानाकडे गेला.

तात्या भिंतीकडेच बघत होते. मान न वळवता ते मोठ्याने बोलले, "भाऊ, आधी ती पेन्सिल खाली ठेव."